सांध्याचे मोल

मोटार दुरुस्त करायला किती खर्च येईल हा प्रश्न अपघातानंतर विचारला जात असला, तरी त्याचे उत्तर पुष्कळ आधी, म्हणजे त्या मोटारीचे भाग एकमेकांना कसे जोडावेत हे आरेखनाच्या टेबलावर ठरते त्याच दिवशी, लिहिले गेलेले असते. जे भाग बोल्टने आवळलेले किंवा ठिकठिकाणी वेल्डिंग करून सांधलेले असतात ते सुटे करता येतात आणि नुकसान झाले तेवढाच तुकडा बदलता येतो. जे भाग एकाच ओतकामातून निघालेले किंवा चिकटद्रव्याने एकजीव केलेले असतात ते उकलत नाहीत, त्यांना कापावे लागते किंवा सगळेच्या सगळे फेकून द्यावे लागते. विद्युत मोटारींच्या निर्मितीत गेल्या काही वर्षांत सांधे कमी करण्याकडे कल वाढला आहे, आणि त्यातून कारखान्यात जी बचत होते तिचा काही भाग पुढे गॅरेजच्या बिलातून आणि विम्याच्या हप्त्यातून ग्राहकाकडून वसूल होतो.

छत्रपती संभाजीनगर या शहराला हा विषय दोन्ही बाजूंनी भिडतो. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुट्या भागांचे उद्योग येथे उभे राहिले. ॲल्युमिनियमच्या ओतकामात देशात आघाडीवर असलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज, व्हॅरॉक, वाहनांतील तारांचे जुडगे बनवणारी धूत ट्रान्समिशन या कंपन्या याच मातीत वाढल्या. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या आणि पुढे ऑडीच्याही मोटारी जुळवल्या जाऊ लागल्या. इंडो-जर्मन टूल रूम या संस्थेने साचे आणि डाय घडवणारे कुशल हात तयार केले. शेंद्रा-बिडकीन पट्ट्यातील ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीत २०२४ साली एथर एनर्जीने विद्युत स्कूटरचा कारखाना जाहीर केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटरने राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. हे झाले बनवणाऱ्यांचे; वापरणाऱ्यांच्या बाजूनेही हे शहर मागे नाही. २०१० साली येथील उद्योजक, व्यापारी आणि डॉक्टरांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या होत्या, आणि एकत्रित खरेदीचीच ती रीत २०२२ मध्ये ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या उपक्रमातून विद्युत मोटारींसाठी वापरली गेली, ज्यात पहिल्या टप्प्याचे लक्ष्य अडीचशे मोटारींचे होते. ज्या शहरात साचा घडतो, मोटार जुळते आणि तीच मोटार रस्त्यावर धावून दुरुस्तीलाही येते, त्या शहराने सांध्याच्या या अर्थशास्त्राकडे इतरांपेक्षा बारकाईने पाहायला हवे.

मोटारीचा सांगाडा बनवण्याची रूढ पद्धत आधी समजून घ्यावी लागेल. पोलादाचा पत्रा मोठ्या प्रेसखाली दाबून त्याला आकार देतात, असे शेकडो आकार एकमेकांवर ठेवून यंत्रमानव त्यांना हजारो ठिकाणी ‘स्पॉट वेल्डिंग’ने, म्हणजे दोन पत्र्यांना दोन्ही बाजूंनी चिमटून मधल्या एका ठिपक्यापुरता विजेचा प्रवाह सोडून, जोडतात. या पद्धतीत श्रम, जागा आणि यंत्रे पुष्कळ लागतात, पण प्रत्येक ठिपका हा पुढे दुरुस्ती करणाऱ्यासाठी ठेवलेला एक दरवाजाच असतो. डेंटिंगचे काम करणारा मिस्त्री चेपलेला पत्रा ओढून आणि ठोकून पूर्वपदावर आणतो, आणि ते शक्य नसेल तेव्हा वेल्डिंगचे ठिपके ड्रिलने फोडून तेवढा पत्रा काढतो व नवा बसवतो. देशभरातील गॅरेजांचा व्यवसाय, विमा कंपन्यांचे अंदाजपत्रक आणि त्यांच्यासाठी नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरची नजर ही सारी या पत्र्याच्या स्वभावावर बेतलेली आहे. पोलाद वाकते, पण वाकल्यानंतर पुष्कळदा परतही येते, हे त्यातले मूळ गृहीत आहे.

या गृहीताला पहिला मोठा धक्का दिला तो ‘गिगाकास्टिंग’ने. वितळलेले ॲल्युमिनियम प्रचंड दाबाने पोलादी साच्यात घुसवायचे, काही सेकंदांत ते गोठू द्यायचे आणि मोटारीच्या तळाचा पुढचा किंवा मागचा संपूर्ण भाग एका तुकड्यात बाहेर काढायचा, अशी ही पद्धत आहे. दाबाखालचे ओतकाम, ज्याला ‘हाय प्रेशर डाय कास्टिंग’ म्हणतात, ते वाळूजला नवे नाही. दुचाकीच्या इंजिनाचे आवरण अशाच रीतीने बनते. फरक आकाराचा आहे. इटलीतील इड्रा कंपनीने बनवलेले, साच्याची दोन अंगे सुमारे ६,००० टनांच्या बळाने मिटून धरणारे यंत्र टेस्लाने २०२० च्या सुमारास वापरात आणले आणि मॉडेल वाय या मोटारीच्या मागच्या तळातील सुमारे सत्तर भागांची जागा एकदोन ओतीव भागांनी घेतली. पुढे चीनमधील शाओमी कंपनीने ९,१०० टनांचे यंत्र उभारून एसयू७ या मोटारीच्या मागच्या तळातील ७२ भागांचे एकत्रीकरण केले आणि त्यामुळे ८४० वेल्डिंग सांधे वाचले. टोयोटानेही ही पद्धत स्वीकारण्याचा मनोदय २०२३ मध्ये जाहीर केला. कारखानदाराच्या दृष्टीने यातील लाभ उघड आहे: यंत्रमानव कमी लागतात, जागा वाचते, वजन घटते आणि शेकडो पत्र्यांच्या मापातील बारीकसारीक चुकांची बेरीज टळते. विद्युत मोटारीत वजन घटणे म्हणजे तेवढ्याच बॅटरीवर अधिक अंतर, म्हणून या वाहनांच्या निर्मात्यांना या पद्धतीचे आकर्षण अधिक वाटले यात नवल नाही.

दुरुस्तीच्या बाजूने मात्र ओतीव ॲल्युमिनियमचा स्वभाव वेगळा आहे. ते पत्र्यासारखे लवत नाही. मर्यादेपलीकडचा आघात झाला की त्याला तडा जातो, आणि तडा कधी कधी आघाताच्या जागेपासून दूर, डोळ्यांना दिसणार नाही अशा कोपऱ्यात असतो. तापवून आणि ठोकून त्याला सरळ करता येत नाही, आणि वेल्डिंग करायचे तर त्या मिश्रधातूचे गुण बदलून सांध्याची ताकद घटण्याचा धोका असतो. म्हणून पूर्वी जेथे एखादी पट्टी बदलून काम भागले असते, तेथे सबंध ओतीव भाग बदलण्याचा प्रसंग येऊ शकतो, आणि त्या भागाला जोडलेले सस्पेन्शन, तारा आणि चाकांची मांडणी उतरवून पुन्हा चढवण्याची मजुरी वेगळी लागते.

तरीही गिगाकास्टिंग म्हणजे महागडी दुरुस्ती, असे सरळ समीकरण मांडणे अन्यायाचे होईल. विमा कंपन्यांसाठी मोटारींच्या दुरुस्तीचा अभ्यास करणाऱ्या ब्रिटनमधील थॅचम रिसर्च या संस्थेने मॉडेल वायच्या मागच्या ओतीव भागाची तुलना पोलादी जोडणीच्या मोटारीशी केली, तेव्हा निर्मात्याने आखून दिलेल्या रेषेवर भाग कापून तेवढाच नवा तुकडा बसवण्याची सोय असल्यास खर्च पोलादी जोडणीपेक्षा कमीही येऊ शकतो, असे आढळले. ओतीव भागाच्या पुढे बोल्टने बसवलेला, आघात स्वतःवर घेऊन चुरगळणारा एक बळीचा भाग ठेवला असेल तर किरकोळ धडकेची झळ आतपर्यंत पोहोचतही नाही. याचा अर्थ असा की दोष ओतकामाच्या तंत्रात नसून, त्या ओतकामाच्या आरेखनात दुरुस्ती करणाऱ्याचा विचार झाला होता की नाही यात आहे. कापण्याची रेषा, तेथे लागणारे चिकटद्रव्य आणि रिव्हेट, सुटा तुकडा विकण्याची तयारी आणि ते काम शिकवण्याची व्यवस्था हे चारही घटक असतील तरच ही सोय खरी ठरते. त्यांतील एक जरी नसला तरी ती कागदावर राहते.

भारतात बनणाऱ्या आणि मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या विद्युत मोटारींचे सांगाडे आजही मुख्यतः पोलादी पत्र्याचेच आहेत, त्यामुळे येथील ग्राहकाला लगेच भेडसावणारा प्रश्न गिगाकास्टिंगचा नसून बॅटरीच्या मांडणीचा आहे.

विद्युत मोटारीची बॅटरी म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. तिचा सर्वांत लहान घटक ‘सेल’. असे काही सेल एकत्र बांधले की ‘मॉड्यूल’ होते. आणि अनेक मॉड्यूल, त्यांना थंड ठेवणाऱ्या नळ्या, तारा आणि प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी ‘बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम’ ही इलेक्ट्रॉनिक व्यवस्था एका भक्कम पेटीत बसवली की ‘पॅक’ तयार होतो. ही रचना मिसळणाच्या डब्यासारखी आहे: एखादी वाटी खराब झाली तर तेवढी उचलून दुसरी ठेवता येते. मात्र मॉड्यूलच्या भिंती, पट्ट्या आणि बोल्ट जागा खातात व वजन वाढवतात, म्हणून चीनमधील कंपन्यांनी मॉड्यूलची पायरीच वगळून सेल थेट पेटीत बसवण्याची पद्धत रूढ केली. बीवायडीची २०२० साली आलेली ‘ब्लेड’ बॅटरी हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. त्यापुढची पायरी म्हणजे बॅटरीच्या पेटीचे झाकण हीच मोटारीची फरशी करणे. बीवायडीच्या २०२२ मधील सील या मोटारीत हे झाले, आणि टेस्लाने मॉडेल वायच्या काही मोटारींत सेलांभोवती फोम ओतून पॅकला सांगाड्याचाच घटक बनवले, त्यावर आसने बसवली. अशा पॅकमध्ये एक सेल बिघडला तर त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरत नाही. वाट्या काढता येण्याजोगा डबा जाऊन तेथे थापून घट्ट बसलेली वडी आलेली असते.

या पार्श्वभूमीवर २०२० साली आलेली आणि संभाजीनगरच्या एकत्रित खरेदीतही समाविष्ट असलेली टाटा नेक्सॉन ईव्ही पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. ही मोटार मुळात पेट्रोल-डिझेलसाठी आखलेल्या सांगाड्यावर बेतलेली होती, आणि तिची ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी तळाला खालून बोल्टने बसवलेली होती. जाणकारांनी अशा रचनेला तडजोड म्हटले, कारण जागेचा आणि वजनाचा पुरेपूर लाभ तिच्यात मिळत नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र ही तडजोड उपकारक आहे, कारण मोटार लिफ्टवर चढवून, बोल्ट सोडवून पॅक खाली उतरवता येतो. मूळचीच विद्युत म्हणून आखलेली मोटार, उदाहरणार्थ २०२४ च्या अखेरीस आलेल्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, अंतर आणि सुरक्षितता यांत पुढे असली, तरी तिच्यातील मोठ्या बॅटरीवर एकाच आघातात पणाला लागणारी रक्कमही तेवढीच मोठी असते.

मराठवाड्यातील रस्त्यांचा विचार केल्याशिवाय हे चित्र पूर्ण होत नाही. काळ्या मातीवर बांधलेला रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि त्याला खड्डे व उंचवटे पडतात. गावांच्या वेशीवरचे गतिरोधक पुष्कळदा ठरलेल्या मापाचे नसतात. आणि दुसरीकडे डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला समृद्धी महामार्ग याच परिसरातून जातो, जेथे ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. पेट्रोलच्या मोटारीचा तळ दगडाला घासला तर एखादे संरक्षक पत्र्याचे आवरण बदलावे लागते. विद्युत मोटारीत त्याच जागी सर्वांत महाग वस्तू असते. पेटीला पडलेली पोच केवळ बाहेरची आहे की आतल्या सेलवर दाब आला आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि आत दाबला गेलेला सेल काही तासांनी किंवा काही दिवसांनीही तापून पेट घेऊ शकतो, म्हणून शंकेचा फायदा मोटारीला देता येत नाही.

गॅरेजमधील कामही यामुळे बदलते. तीनशे-चारशे व्होल्टची बॅटरी असलेल्या वाहनाला हात लावण्यापूर्वी तिचा प्रवाह ठरलेल्या क्रमाने तोडावा लागतो, त्यासाठी विद्युतरोधक हातमोजे आणि प्रशिक्षित माणूस लागतो, आणि अपघातातील वाहन इतर वाहनांपासून दूर, उघड्यावर ठेवावे लागते. ब्रिटनमधील मार्गदर्शनात हे अंतर १५ मीटर सांगितले गेले होते, जे शहरातील कोणत्याही गॅरेजला परवडणारे नाही. रंगकामानंतर मोटार तापत्या भट्टीत ठेवून रंग सुकवण्याची पद्धतही जशीच्या तशी चालत नाही, कारण उष्णतेने बॅटरीला इजा होते. तापमान कमी ठेवून वेळ वाढवावा लागतो किंवा पॅकच उतरवावा लागतो. या सगळ्याची बेरीज थॅचम संस्थेने २०२३ मध्ये ब्रिटनपुरती मांडली होती: विद्युत मोटारींच्या दुरुस्तीचे दावे इंधनावरील मोटारींपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी महाग होते आणि दुरुस्तीला सुमारे १४ टक्के अधिक वेळ लागत होता. येथे मजुरीचे दर आणि मोटारींची मांडणी वेगळी असल्याने ते आकडे तसेच लावता येणार नाहीत, पण कारणांची साखळी तीच आहे.

आता विम्याकडे वळता येईल. मोटार विम्याचे दोन भाग असतात. दुसऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला झालेल्या हानीची भरपाई देणारा तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे व त्याचे दर सरकार ठरवते. जून २०२२ पासून विद्युत मोटारींना त्यात १५ टक्के सवलत आहे, म्हणून २०२२ च्या दरांनुसार १,००० ते १,५०० घनसेंटिमीटर इंजिनाच्या खासगी मोटारीला ३,४१६ रुपये लागत, तर ३० ते ६५ किलोवॅटच्या विद्युत मोटारीला २,९०४ रुपये. ही सवलत धोरणाची आहे. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्याला, ज्याला ‘ओन डॅमेज’ म्हणतात, अशी सवलत नाही. तेथे विमा कंपनी दुरुस्तीच्या अपेक्षित खर्चाचा हिशेब करते, आणि सांध्यांचा प्रश्न याच हिशेबात शिरतो.

या भागाचा पाया म्हणजे ‘आयडीव्ही’, अर्थात मोटार पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली तर कंपनी जी रक्कम देईल ती. मोटारीच्या विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ती काढतात: एक ते दोन वर्षांच्या मोटारीला २० टक्के, तीन ते चार वर्षांच्या मोटारीला ४० टक्के. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा अधिक झाला की मोटार ‘टोटल लॉस’ धरली जाते. समजा एका विद्युत मोटारीची किंमत १५ लाख रुपये आहे आणि तिच्या बॅटरीचा वाटा ४० टक्के, म्हणजे ६ लाख आहे. चौथ्या वर्षी तिची आयडीव्ही ९ लाख उरते आणि टोटल लॉसची मर्यादा पावणेसात लाख होते. मोटारीबरोबर आलेल्या बॅटरीवर ग्राहकाने ५ टक्केच वस्तू व सेवा कर भरलेला असतो, पण सुटी लिथियम बॅटरी घेताना तो १८ टक्के लागतो, म्हणजे ६ लाखांचा पॅक ७ लाख ८ हजारांना पडतो. याचा अर्थ सांगाड्याला, दारांना आणि काचांना ओरखडाही नसताना केवळ पॅक बदलावा लागला तरी ही मोटार भंगारात निघते. पॅक उघडून दोन मॉड्यूल बदलण्याची सोय असती तर तीच मोटार आणखी दहा वर्षे चालली असती.

पॉलिसीतील घसाऱ्याची तरतूद हा येथील आणखी एक दुखरा मुद्दा आहे. सुटे भाग बदलताना कंपनी त्यांच्या झिजेपोटी काही रक्कम कापते, आणि रबर, प्लास्टिक व बॅटरी यांसाठी हे प्रमाण रूढ पॉलिसीत ५० टक्के आहे. ज्या काळात ही तरतूद लिहिली गेली त्या काळात बॅटरी म्हणजे काही हजार रुपयांची, तीन-चार वर्षांत बदलायचीच शिसे-आम्लाची बॅटरी होती. मोटारीच्या किमतीचा सर्वांत मोठा वाटा तोच शब्द व्यापेल, असे तेव्हा कोणाच्या मनात नव्हते. एका शब्दाचा अर्थ बदलल्याने लाखो रुपयांचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो ते बदलते. म्हणून विद्युत मोटारीच्या मालकाने घसारा न कापणारे ‘झिरो डेप’ संरक्षण आणि बॅटरीसाठीचे स्वतंत्र पूरक संरक्षण घेणे ही चैन राहत नाही, आणि हप्ता वाढतो तो बराचसा येथे. मोटार निर्मात्याची आठ वर्षांची बॅटरी हमीही या बाबतीत कामी येत नाही, कारण हमी ही निर्मितीतील दोषासाठी असते, दगडाच्या आघातासाठी नसते.

या सगळ्यात सर्वांत अडचणीची जागा सर्व्हेअरची आहे. पत्रा किती चेपला हे तो पाहून सांगू शकतो, पण पेटीतील सेलांची अवस्था सांगणारी माहिती बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिममध्ये असते आणि ती वाचण्याची साधने बहुधा निर्मात्याच्या अधिकृत केंद्रापुरती मर्यादित असतात. जे तपासता येत नाही ते सुरक्षित आहे असे लिहून देण्याची जबाबदारी कोणी घेत नाही, आणि मग तपासणीअभावी धडधाकट पॅकही बदलला जातो. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमनातून यावर उपाय योजला आहे. फेब्रुवारी २०२७ पासून तेथे नव्याने बाजारात येणाऱ्या प्रत्येक विद्युत वाहनाच्या बॅटरीला तिची घडण आणि प्रकृती सांगणारा डिजिटल ‘पासपोर्ट’ असणे बंधनकारक होईल. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला, परंतु तेथील सहभाग कंपन्यांच्या इच्छेवर सोडलेला आहे. बॅटरीच्या बाबतीत ही ऐच्छिकता अपुरी आहे, कारण माहिती दडवली गेली तर तिची किंमत विमाधारकांच्या साऱ्या समूहाला हप्त्यातून मोजावी लागते.

बॅटरी स्वस्त होत आहेत हे खरे. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये पॅकचा जागतिक सरासरी दर किलोवॅट-तासाला ११५ डॉलरपर्यंत उतरला, जो २०१० मध्ये हजार डॉलरच्या वर होता. पण हा दर कारखान्याने घाऊक खरेदीत मोजलेला असतो, आणि बदली भाग म्हणून एकच पॅक मागवणाऱ्याला तो लागू होत नाही.

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील उद्योगांना दुरुस्तीच्या या प्रश्नात स्वतःचे काम दिसायला हवे. ओतीव भागात कापण्याची रेषा ठेवायची की नाही हे अखेर डायमध्ये कोरले जाते, आणि ते कोरण्याचे कौशल्य या शहरात आहे. एन्ड्युरन्सने २०२२ मध्ये बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम बनवणाऱ्या मॅक्सवेल एनर्जी सिस्टिम्समध्ये बहुमताचा वाटा घेतल्याने ओतकाम आणि बॅटरीचा मेंदू ही दोन्ही अंगे आता येथील एकाच उद्योगाच्या कक्षेत आली आहेत. उणीव आहे ती पॅक उतरवून, उघडून, एखादे मॉड्यूल बदलून तो पुन्हा जलरोधक रीतीने बंद करणाऱ्या कारागिरांची, आणि डेंटिंगच्या मिस्त्रीइतक्याच सहजपणे असे कारागीर प्रत्येक वसाहतीत मिळत नाहीत तोवर विमा कंपन्यांचा अंदाज संपूर्ण पॅकच्या किमतीवरच बांधला जाणार.

२०२२ मध्ये या शहराने एकत्र येऊन घेतलेल्या मोटारी २०२७ मध्ये पाच वर्षांच्या होतील. पाच वर्षांनंतर आयडीव्हीचे ठरीव कोष्टक संपते आणि ती रक्कम मालक व विमा कंपनी यांच्या संमतीने ठरते. बॅटरीची हमी मात्र २०३० पर्यंत चालू असेल. त्या मोटारींचे मोल ठरवायला बसणारा माणूस तळाशी वाकून पाहील तेव्हा त्याला बोल्टने बसवलेला, उतरवता येण्याजोगा पॅक दिसेल.